नवे ब्रेक मुरविण्याची रीत : घाट उतरणाऱ्या शेतकरी बंधूंस चार शब्द

आमच्या नवापूर तालुक्याच्या शेतकऱ्यास घाट हा काही पाहुण्यासारखा वर्षातून एकदा भेटत नाही. पिंपळनेरकडे जावयाचे तर चरणमाळचा घाट, साक्री-धुळ्याकडे जावयाचे तर विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट. जाताना चढ आणि येताना उतार, हा आमचा नित्याचा हिशेब होय. आमच्या वडिलांच्या काळी हा उतार बैलगाडीने उतरत. तेव्हा चाकाच्या धावेवर घासणारा लाकडी ठोकळा आणि बैलांची मान एवढ्यावरच सारा भरवसा असे. आता बैलगाडीची जागा मालवाहू पिकअपने व जीपने घेतली आहे. माल दुप्पट-तिप्पट झाला, वेग दहापट झाला, आणि भरवसा मात्र तळहाताएवढ्या चार पॅडांवर येऊन बसला. या पॅडांविषयी आमचे शेतकरी बंधू बहुधा एकच गोष्ट जाणतात, ती ही की झिजले म्हणजे बदलावे. बदलल्यानंतर त्यांस कामास योग्य करून घ्यावे लागते, ही दुसरी गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. आम्हांसही ती ठाऊक नव्हती. ती कशी कळली, हे प्रथम सांगून मग रीत सांगण्याचे योजिले आहे.

आमच्यावर आलेला प्रसंग

आमचा पुतण्या कोंबडीपालनाचा धंदा करतो. खाद्याकरिता त्यास मका लागतो व तो तो पिंपळनेरच्या बाजूने आणतो. एका शनिवारी सायंकाळी त्याने आपल्या पिकअपच्या पुढील दोन्ही चाकांच्या डिस्क व पॅड नवे बसवून घेतले. बसविणाऱ्याने पैसे घेतले, गाडी हातात दिली आणि "आता दोन वर्षे चिंता नाही," एवढेच सांगितले. रविवारी पहाटे आम्ही दोघे निघालो. जाताना गाडी रिकामी व रस्ता चढाचा, त्यामुळे ब्रेकचे काम जवळजवळ पडलेच नाही. दुपारी बारा क्विंटल मका भरून आम्ही चरणमाळचा घाट उतरू लागलो.

पहिली दोन-तीन वळणे नीट गेली. पुढे पुतण्या म्हणाला, "काका, पेडल घट्ट लागते आहे, पण गाडी ऐकत नाही." जळक्या राळेसारखा उग्र वास येऊ लागला. आम्ही त्यास गिअर खाली घेण्यास सांगितले. त्याने दुसरा व लगेच पहिला गिअर टाकला, इंजिन किंचाळले, आणि दैवयोगाने पुढे रस्त्याच्या कडेस थोडी चढाची जागा होती तेथे गाडी थांबली. आम्ही उतरून चाकांस दगड लावले. तरी भीतीने गांगरलेला पुतण्या पाव तास पेडलावर पाय रोवूनच बसला होता. ही दुसरी चूक होती, हे आम्हांस मागाहून समजले.

गाडी थंड झाल्यावर आम्ही पहिल्या गिअरात सुखरूप खाली आलो. परंतु दुसऱ्या दिवसापासून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागे. बसविणाऱ्याने "डिस्क वाकली, नवी घ्या," असे सांगितले. नवी डिस्क एका दिवसात कशी वाकते हे आमच्या मनास पटेना, म्हणून आम्ही गावातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी चाक काढून डिस्क फिरविली, मोजली आणि हसून म्हणाले, "भाऊसाहेब, डिस्क सरळ आहे. तुम्ही कोरा ब्रेक घाटात नेलात. नवे जाते टाकी लावल्याबरोबर पाहुण्यांचे दळण दळायला घेता का?"

आम्ही तीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी केली. फेरफाराची नोंद वहीत लिहिली म्हणजे ती मंजूर झाली असे होत नाही, पंधरा दिवसांची नोटीस जावी लागते, मग प्रमाणित होते, हे आम्ही असंख्य शेतकऱ्यांस समजावून सांगितले. पण ब्रेकचीही तीच गोष्ट आहे, बसविणे ही केवळ नोंद आणि मुरविणे ही मंजुरी, हे मात्र आम्हांस मिस्त्रींच्या ओसरीवर समजले.

ब्रेक काम करतो म्हणजे काय करतो

चालत्या गाडीत जो जोर साठलेला असतो तो नाहीसा करता येत नाही, तो केवळ उष्णतेत बदलता येतो. ब्रेक हे उष्णता उत्पन्न करण्याचे यंत्रच होय. चाकाबरोबर बिडाची एक थाळी फिरते, तिला डिस्क म्हणतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने दोन बाजूंचे पॅड या थाळीस चिमट्यासारखे धरतात. घर्षण होते, थाळी व पॅड तापतात आणि गाडीचा वेग उतरतो.

ही उष्णता किती, याचा हिशेब वाचकांनी एकदा करून पाहावा. गाडी व माल मिळून ३,००० किलो वजन ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता एकदा पूर्ण थांबविले, तर सुमारे दीड लीटर पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता ब्रेकमध्ये निर्माण होते. वेग निम्मा केला तर ही उष्णता निम्मी नव्हे, चौथाई होते. आता घाटाचे पाहा. हीच गाडी १०० मीटर उंची उतरून आली व सारा भार ब्रेकवरच टाकला, तर सुमारे १० लीटर पाणी उकळण्याइतकी उष्णता त्या लहानशा पॅडांवर व थाळ्यांवर येते. सपाट रस्त्यावर दोन थांब्यांमध्ये वाऱ्याने थंड होण्यास अवकाश मिळतो, घाटात तो मिळत नाही. म्हणून जो दोष सपाटीवर महिनाभर लपून राहतो तो घाटात पाच मिनिटांत उघडा पडतो.

चाकावर काय घासावे हा प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडातील डार्बीशायर या डोंगराळ परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने इ. स. १८९७ च्या सुमारास घोडागाड्या उतारावरून जाताना पाहिल्या. लाकडी ठोकळा पुरेसा धरीत नाही म्हणून गाडीवान त्यावर जुन्या बुटांचे चामडे बांधीत, असे सांगतात. त्यावरून त्यांनी ब्रेकसाठी निराळे घर्षणद्रव्य करण्याचे प्रयोग आरंभिले व त्यातून पुढे फेरोडो हा प्रसिद्ध कारखाना उभा राहिला. इ. स. १९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. तथापि त्याची खरी ख्याती इ. स. १९५३ मध्ये झाली. त्या वर्षी फ्रान्समधील ले मान्स येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली. आज आमच्या गावच्या पिकअपला पुढे डिस्क व मागे ड्रम असतात, तो त्याच प्रवासाचा शेवट होय.

कोऱ्या ब्रेकात उणे काय असते

कोऱ्या ब्रेकात तीन गोष्टी कच्च्या असतात.

पहिली, पृष्ठभाग. नवा पॅड व नवी डिस्क डोळ्यांस सपाट दिसली तरी ती एकमेकांस सर्वत्र टेकत नाहीत. नव्या वहाणेसारखी ती थोड्या जागीच लागतात. डिस्क जुनी व चरे पडलेली असून पॅड तेवढे नवे घातले असल्यास हा दोष अधिक असतो. जेथे टेकते तेवढाच भाग सारा भार घेतो व प्रमाणाबाहेर तापतो.

दुसरी, राळ. पॅडामध्ये धातूचा चुरा, तंतू इत्यादि पदार्थ एका राळेने बांधलेले असतात. ही राळ पहिल्या वेळी चांगली तापली म्हणजे तिच्यातून वायू सुटतो. हा वायू पॅड व डिस्क यांच्यामध्ये शिरला म्हणजे घर्षण एकाएकी कमी होते. पेडल घट्ट लागते, परंतु गाडी थांबत नाही. आमच्या गाडीस घाटात हेच झाले होते. हा वायू सपाटीवर, रिकाम्या गाडीत, थोडाथोडा करून काढून टाकिला म्हणजे पुढे घाटात त्याचे भय उरत नाही.

तिसरी, लेप. मुरलेल्या ब्रेकात डिस्कच्या अंगावर पॅडाच्या द्रव्याचा अतिशय पातळ व सारखा लेप बसलेला असतो, आणि पॅड त्या लेपावर धरतो. नवा तवा प्रथम तेल लावून तापवावा लागतो, तेव्हा त्यावर भाकरी सुटते; तसेच हे समजावे. हा लेप सारखा बसला तर ब्रेक मऊ व जोरकस लागतो. एका जागी जाड व दुसऱ्या जागी पातळ बसला तर प्रत्येक फेऱ्यात धर कमीजास्त होतो आणि स्टिअरिंग थरथरते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरकही हातास जाणवू शकतो. ज्यास लोक "डिस्क वाकली" म्हणतात, ते पुष्कळदा अशा विषम लेपाचेच फळ असते. तापलेल्या डिस्कवर पाव तास पेडल दाबून बसल्याने आमच्या पुतण्याने पॅडाचा ठसाच तिच्यावर उमटविला होता.

मुरविण्यापूर्वीची तयारी

१. गाडीच्या किंवा पॅडच्या कारखान्याने बरोबर सूचनापत्र दिले असेल तर तेच प्रमाण मानावे. पुढील रीत ते नसेल तेव्हाची आहे.

२. पॅड नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांस एकदम बदलावे. एकीकडे नवे व दुसरीकडे जुने ठेवल्यास गाडी एका बाजूस ओढते.

३. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने अथवा साबणाच्या कढत पाण्याने धुऊन, पुसून कोरडा करावा. रॉकेल वापरू नये, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. धुतल्यावर डिस्कच्या तोंडास बोटही लावू नये.

४. डिस्क जेथे बसते तेथील गंज घासून काढावा. तेथे गंजाचा एक खडा राहिला तरी डिस्क तिरपी बसते. जुनीच डिस्क ठेवावयाची असल्यास तिच्यावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याहून ती पातळ झालेली नसावी.

५. जुन्या पॅडांची किंवा लायनरची भुकटी फुंकून अथवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व ती धूळ फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

६. पॅड बसविल्यावर गाडी हलविण्याच्या आधी पेडल अनेक वेळा दाबून घट्ट करून घ्यावे. नवे पॅड बसविताना आतील दट्ट्या मागे सारलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबास पेडल थेट तळास जाते. हे न करता गाडी गॅरेजबाहेर काढून समोरच्या भिंतीवर नेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. नंतर ब्रेक ऑइलची पातळी पाहावी व चाकांचे नट आवळल्याची खात्री करावी.

मुरविण्याची रीत

सपाट, सरळ व मोकळा रस्ता निवडावा आणि पहाटे उजाडल्यावर, रहदारी सुरू होण्यापूर्वी हे काम करावे. घाटात किंवा बाजाराच्या दिवशी हे काम करू नये. गाडी रिकामी असावी व आरशात मागे पाहिल्याशिवाय एकदाही ब्रेक दाबू नये.

प्रथम ताशी २० किलोमीटरच्या वेगाने दोन-तीन वेळा थांबून गाडी सरळ थांबते, एका बाजूस ओढत नाही, हे पाहून घ्यावे.

मग वेग ताशी ५० पर्यंत न्यावा आणि मध्यम दाबाने, एकसारखा, तो १० पर्यंत उतरवावा. पूर्ण थांबू नये. लगेच पेडल सोडून पुन्हा वेग घ्यावा, अर्धा किलोमीटर जाऊ द्यावे आणि पुन्हा तसेच करावे. असे दहा वेळा करावे. मधले अंतर गाळू नये, कारण उष्णता पायरीपायरीने चढली पाहिजे, एकदम नव्हे.

यानंतर पाच मिनिटे ब्रेक न लावता गाडी चालवून थोडी थंड होऊ द्यावी. मग ताशी ६५ वरून १५ पर्यंत, पहिल्यापेक्षा अंमळ जोराने, पाच-सहा वेळा वेग उतरवावा. या वेळी थोडा वास येईल, त्यास भिऊ नये, ती राळ पिकत आहे असे समजावे. परंतु धूर निघाला अथवा पेडल दाबूनही वेग उतरेना, तर तेथेच थांबविण्याचे काम बंद करून गाडी हळूहळू चालवीत थंड करावी.

शेवटी आठ-दहा किलोमीटर शक्य तितका ब्रेक न लावता गाडी चालवावी. वारा लागून डिस्क थंड होते. मग गाडी सपाटीवर उभी करावी, गिअर टाकून ठेवावा, चाकास दगड लावावा, आणि पेडल व हँडब्रेक दोन्ही सोडून द्यावे. तापलेल्या डिस्कवर पाणी मुळीच ओतू नये, बीड तडकते. डिस्कवर सर्वत्र सारखी करडी झाक दिसू लागली म्हणजे काम साधले असे समजावे.

यानंतरही पहिले तीनशे किलोमीटर ब्रेक जपूनच वापरावा. प्राणावर बेतल्यास अर्थातच पूर्ण जोराने दाबावा, तेथे पॅड जपण्याचा प्रश्न नाही. या काळात पहिली खेप अर्ध्या मालाची करावी व घाटाची खेप शेवटी ठेवावी. मागील ड्रमचे लायनर नवे घातले असल्यास त्यांसही ड्रमशी जुळून यावयास हाच अवधी द्यावा.

मिस्त्रींनी आमच्या डिस्कवरील ठसा बारीक पॉलिशपेपरने घासून काढिला, पॅडांची तोंडे घासली व याच रीतीने आमच्याकडून गाडी चालवून घेतली. अर्ध्या दिवसात थरथर गेली. नवी डिस्क घ्यावी लागली नाही. खर्च झाला तो दोन लीटर डिझेलचा व आमच्या झोपेचा. सर्वच थरथर अशी जाते असे मात्र नाही. ठसा खोल गेला असल्यास डिस्क लेथवर घासावी किंवा बदलावीच लागते.

मुरलेल्या ब्रेकासही मर्यादा असतात

इतके करूनही घाटात सारा भार ब्रेकवर टाकणे शहाणपणाचे नव्हे. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात तो उतरावा, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम आजही खरा आहे. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून गाडी सोडण्याची चाल आमच्याकडे आढळते. तीत इंजिनाचा अटकाव जातो, आणि इंजिन बंद असेल तर ब्रेकला मिळणारे साहाय्यही दोन-तीन दाबांत संपते. वाचलेल्या डिझेलची किंमत आणि गाडीत बसलेल्या माणसांची किंमत ज्याने त्याने आपल्या मनाशी तोलून पाहावी.

घाटात पेडल घट्ट असून गाडी थांबत नसेल तर दोष पॅडांचा तापण्याचा असतो. पेडल मऊ पडून तळास जात असेल तर ब्रेक ऑइल उकळल्याचा संशय घ्यावा. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ जातीचे नवे ऑइल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. आमच्या भागातील पावसाळा पाहता दर दोन वर्षांनी ते बदलणे इष्ट होय. नवे पॅड घालून जुनेच ऑइल ठेवणे म्हणजे नवी मोट जुन्या नाड्यास बांधण्यासारखे आहे.

ट्रॅक्टरविषयी एक गोष्ट सांगून पुरे करितो. अलीकडील पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांस वरील रीत लागू नाही. परंतु ट्रॉलीस बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो व उतारावर तीच ट्रॅक्टरास ढकलते. म्हणून रस्त्यावर डावे व उजवे पेडल कडीने जोडून घ्यावे आणि घाटात वेग माणसाच्या चालीहून फार ठेवू नये.

ज्या दिवशी गाडीस नवे ब्रेक बसवाल, त्या दिवशी घरी सांगून ठेवावे की उद्या माल जाणार नाही, परवा जाईल. एक दिवसाची मजुरी बुडेल, मक्याचा भाव कदाचित चार रुपयांनी इकडेतिकडे होईल. त्या रविवारी आम्ही तो एक दिवस वाचविला होता. चरणमाळच्या घाटात, चाकाखाली दगड सरकवीत असता, तो वाचविलेला दिवस किती महाग पडणार होता हे आम्ही पाहिले आहे. आमच्या शेतकरी बंधूंनी तो तेथे जाऊन पाहू नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.